लिफ्टचं घड्याळ सव्वीस मिनिटं पुढे

१९ मार्च
१. ३ मार्चला संध्याकाळी ७.४० ला गोदामाच्या जिन्यात कोणीतरी दादाच्या भागीदाराच्या डोक्यात लोखंडी गज घातला.
२. भागीदार अकराव्या दिवशी गेला. खुनाचं कलम लागलं.
३. दादा ३ तारखेपासून आत आहे.
४. दादाचं म्हणणं: ७.४० ते ८ तो स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटा अडकला होता.
५. त्या लिफ्टची देखभाल आमची कंपनी करते. म्हणजे मी.
६. वहिनीला नववा महिना. जामिनाची सुनावणी २६ ला.
बाळाच्या आधी दादा घरी येईल. आई दिवसभर रडते. मी रडत नाही. घरात एक तरी माणूस कामाचं हवं.

२१ मार्च
लिफ्टच्या कंट्रोलरमधली नोंद काढली. ३ मार्च, ७.४० ते ८.००, दोन मजल्यांच्या मध्ये बंद. वकील खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ताई, सोनं आणलंत. वॉचमनच्या वहीतही आहे: ७.४२, साहेब आतून ओरडतायत. पण हाताने लिहिलेलं. मी धरत नाही.

२२ मार्च, सकाळी ११
कंट्रोलरचं घड्याळ तपासलं. सव्वीस मिनिटं पुढे. म्हणजे दादा खरं तर ७.१४ ला अडकला, ७.३४ ला सुटला. वकिलांना कळवलं. ते म्हणाले, घड्याळाचं तुम्हाला कोणी विचारलंय का? गप्प बसा. हे असले वकील. आपली चूक आपण आधी सांगितली की बाकीच्यावर विश्वास बसतो.
इमारत ते गोदाम तीनदा चालले. सरासरी पाच मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे ७.४० ला जेमतेम दहा सेकंद उरतात. इतकं काटेकोर दादाला जन्मात जमलेलं नाही. मुद्दा आपल्याच बाजूचा.

२६ मार्च
सुनावणी उत्तम झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, हे घड्याळ कोणी तपासलंय का? आमचे वकील कागद चाळत राहिले. मी मागच्या बाकावरून सांगितलं, मी. न्यायाधीशांनी पुढे बोलावलं. मी चार मिनिटं बोलले. चालण्याचा तक्ताही दिला. मला एकदाही अडवलं नाही. आमच्या वकिलांना दोनदा अडवलं होतं. दादा पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. अभिमान वाटला असावा. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, ताई, तुम्ही नक्की बहीण कुणाची? ते थकले होते.

२८ मार्च
आदेशात माझा उल्लेख आहे. परिच्छेद नऊ: अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीने दिलेली माहिती तपशीलवार व विश्वासार्ह आहे. परिच्छेद दहा: जामीन फेटाळला.
आई म्हणाली, लहानपणीही तू त्याच्या चुकाच मोजायचीस गं. तेव्हाही माझी मोजणी बरोबर होती.
निर्धार: वरच्या कोर्टासाठी तक्ता रंगीत करायचा.

३१ मार्च
वहिनीला मुलगी झाली. मला बाळ दाखवलं नाही. जंतुसंसर्गाची काळजी घेत असतील.
ऑफिसात देखभालीची फाइल लावली. १२ मार्च: त्याच लिफ्टच्या कंट्रोलरची बॅटरी बदलली. बॅटरी बदलली की घड्याळ हाताने लावावं लागतं. ‘वेळ पडताळली’ ही चौकट रिकामी. खाली सही माझी. (तेव्हा आई फोनवर रडत होती. लक्ष विचलित झालं. दोष आईचा.)
म्हणजे घड्याळ १२ पासून चुकलं. ३ ला बरोबर होतं. वॉचमनही.
चौकटीत आता खूण केली. फाइल अपूर्ण बरी दिसत नाही.

२ एप्रिल
भेटीला गेले. खिडकीवरचा शिपाई म्हणाला, तुमच्या भावाने यादीतून तुमचं नाव काढलंय. काहीतरी नजरचूक. वकील फोन उचलत नाहीत. दादाला पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते:

दादा,
तुला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम (मी तपासलेलं नाही). लिफ्टच्या घड्याळाबाबत एक किरकोळ दुरुस्ती आहे. ती कोर्टात द्यायची का, ते शुक्रवार, १० एप्रिलपर्यंत कळव.