चंदाचं वजन

पुणे, ७ जून १९९७

ती. जयश्रीताईस,
हरेशचा शि. सा. नमस्कार.

मुलाखत झाली. मुंबईच्या त्या कॉलेजात सिनेमा शिकवायची राखीव जागा होती. सहा वर्षं मी ब्राझीलच्या सिनेमावर घासली, पोर्तुगीज शिकलो, प्रबंध लिहिला. समोरच्यांनी फक्त पत्ता वाचला. मोखाड्याच्या मुलाला ब्राझील कशाला हवं, तारपा नाचावर अभ्यास का नाही केलास, असं विचारलं. एका बाईंनी तर मला तारपा वाजवता येतो का, असंही विचारलं. नाही म्हटल्यावर सगळे हसले. काल कागद आला, योग्य उमेदवार मिळाला नाही.

त्या सिनेमांत दुष्काळाने गाव सोडून चाललेली माणसं असतात. दिवाळीनंतर आपल्याकडची माणसं वीटभट्टीवर निघतात ना, अगदी तशीच. म्हणून तर मी हा विषय घेतला. ते सांगायचंच राहिलं.

बाबांना जागाच रद्द झाली असं सांग. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा हरेश


खोडाळा, २ जुलै १९९७

चि. हरेशला अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगितलं तसंच. ते विचारतात, पोराचा ब्राझील कधी संपणार? तारपा वामनकाकाला येतो. पुढच्या मुलाखतीला त्याला पाठवू का?

आता खरं काम. पाड्यावरची माघी, आपल्याकडे लावणीला येते ती, तिची चंदा माझ्या अंगणवाडीत आहे. दोन वर्षांची पोर, पण काट्याच्या झोळीत घातली तर सहा किलोही भरली नाही. म्हणजे कुपोषणाची चौथी श्रेणी, सगळ्यात वाईट. तपासणीच्या बाई म्हणाल्या, हे दाखवलंस तर चौकशी लागेल, आठ लिही. मी आठ लिहिलं. आता तिला जव्हारच्या दवाखान्यात न्यायला कुणी येणार नाही. मी माघीला जा म्हटलं, तर ती म्हणते लावणी उरकू दे.

तुझ्या ओळखीचे पेपरवाले आहेत. माझं नाव न घेता कुणाला तरी सांग. वरून माणूस आला तर पोर वाचेल. मला इथे तोंड उघडायची हिंमत नाही. वाचून पत्र फाड, आणि लगेच लिही.

जयश्री


पुणे, १९ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. इथे चित्रपट महोत्सव होता. ब्राझीलहून दोन दिग्दर्शक आले होते, त्यांचा दुभाषा मीच. पेपरवाल्यांकडे जायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात नक्की जातो.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं, फाडलं नाही. जी भूक मी सहा वर्षं पडद्यावर पाहतोय ती तुझ्या अक्षरात सापडली. चंदाबद्दल आणखी लिही. तिचे डोळे कसे दिसतात, माघी तिला कशी धरते, घरात काय शिजतं. बारीकसारीक सगळं लिही.

कामात असलो तरी जीव तिकडेच आहे.

तुझा हरेश


खोडाळा, २८ ऑगस्ट १९९७

चि. हरेश, आशीर्वाद.

चंदा अकरा तारखेला गेली. लावणी उरकली होती. माघी तिला पाठीशी बांधून चालत एसटीच्या थांब्यावर आली. गाडी यायच्या आतच संपलं. ती तशीच परत पाड्यावर गेली.

डोळ्यांचं विचारलंस. उघडे होते, माघीने मिटले. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी तेव्हा अंगणवाडीत पोरांना सुकडी वाटत होते.

पेपरवाल्यांकडे आता जाऊ नकोस.

जयश्री


मुंबई, ५ डिसेंबर १९९८

ती. ताईस,
शि. सा. न.

नोकरी लागली! त्याच कॉलेजात! 'मोखाड्याची भूक आणि ब्राझीलचा पडदा' हा माझा लेख मासिकात आला आणि त्यांनी आपण होऊन बोलावलं. या वेळी तारप्याचं कुणी विचारलं नाही. एका सरांचे तर डोळे भरून आले होते. तुझं नाव कुठेही नाही, फक्त अंगणवाडीतली माझी बहीण एवढंच आहे. अंक पाठवतोय, बाबांना वाचून दाखव.

तुझ्या आशीर्वादानेच झालं. तो असाच डोक्यावर राहू दे.

तुझा हरेश


खोडाळा, २० जानेवारी १९९९

हरेश,

तुझा अंक आमच्याआधी अंगणवाडीच्या तालुक्याच्या साहेबांकडे पोचला. बहीण अंगणवाडीत आणि भाऊ सिनेमाचा प्रोफेसर, असं घर या तालुक्यात एकच. मला कामावरून काढलं. त्याचं मी रडत नाही. आठ माझ्याच हाताने लिहिलं होतं, तसं मी लेखी दिलं.

पण तू माघीचं नाव का छापलंस? तिला तीनदा बोलावून नेलं. पोरीला दवाखान्यात न्यायला आपणच नकार दिला, अशा कागदावर तिचा अंगठा घेतला. मग ती आपल्या दारात आली. म्हणाली, तुम्ही दोघा भावाबहिणींनी माझी पोर कागदावर घातली, तर जिती व्हती तवा का नाय घातली? एवढं बोलून ती निघून गेली. आता ती आपल्या शेतात येत नाही, आणि वाटेत दिसले तर माझ्याकडे पाहतही नाही.

आणि चंदा तुझ्या मांडीवर गेली, असं तू लिहिलंस. तू तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतंस. बाबांना अंक वाचून दाखवताना तेवढं पान मी उलटलं.

त्या मासिकाला कळव की मी तिथे नव्हतो. बहिणीचं पत्र जुलैत आलं आणि मी ऑगस्टात उत्तर दिलं, हेही लिही. ते छापून आलं की घरी ये. त्याआधी नको.

जयश्री


मुंबई, ११ मार्च १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावायचा तुला हक्कच आहे. पण मांडीवरचं ते वाक्य आता काढता येत नाही. सगळा लेख त्याच्यावर उभा आहे, आणि पोर्तुगीज भाषांतर छापायलाही गेलं. लिहिताना माणूस थोडं पुढे जातो, ताई. मी तिथे असतो तर असंच झालं असतं, नाही का?

मे महिन्यात ब्राझीलला, साओ पावलोच्या परिषदेत लेख वाचायला बोलावलंय. बाबांना नमस्कार सांग. माघीसाठी काहीतरी नक्की करू, परत आलो की बोलू.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या मायेवर माझा हक्क अजून आहे, असं समजतो.

तुझा हरेश

ता. क. अंगणवाडीतल्या मुलांचा एखादा फोटो असेलच. त्यात चंदा असेल तर तिच्यावर खूण करून पाठव. तिकडे पडद्यावर दाखवायचा आहे.