पत्त्यांची खोली आणि तुझी खुर्ची

प्रिय ताई,

अक्षरं पाहून हसू नकोस. पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखी मोठाली आली आहेत, पण पेन नवं आहे आणि आनंदाने हात थाऱ्यावर नाही. खोली झाली! खरंच झाली. लहानपणी कॉटवर डाव मांडला की आई चादर झटकून आपल्याला उठवायची आणि तू ठणकावून सांगायचीस, मोठेपणी घर बांधू तेव्हा एक खोली फक्त पत्त्यांची. नव्या घरात तीच सगळ्यात आधी पुरी झाली. स्वयंपाकघरातल्या कपाटांना अजून दारं नाहीत, त्यामुळे तुझी भावजय माझ्याशी कामापुरतंच बोलते.

सुताराने तर माझ्यापुढे हात टेकले. टेबल गोल हवं, कुठेही कोपरा लागता कामा नये, वरचं कापड गडद हिरवं आणि अजिबात न चकाकणारं. आर्किटेक्ट पोरीला टेबलावर एक मंद पिवळा दिवा टांगायचा होता. म्हणे त्याने वातावरण येतं. मी म्हटलं, वातावरण आमचं आम्ही आणू, तू उजेड आण. आता छताला चारही बाजूंनी पांढरे दिवे आहेत, कुणाच्या हाताची सावली पानांवर पडत नाही. दारातली पायरीसुद्धा काढायला लावली. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. काढोत बापडे!

तू येणं बंद केल्यापासून आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळतो. भाऊजी एकटेच येतात, तुला पत्त्यांचा कंटाळा आला म्हणतात आणि मग बिनदिक्कत लबाडी करतात. कंटाळा, आणि तुला? अंगात ताप असतानाही उशीखाली कॅट ठेवणारी तू! मेंढीकोटात तू समोर बसलीस की आपण दोघं मिळून त्या दोघांना सळो की पळो करून सोडायचो. तुझ्याशिवाय मला खेळात राम वाटत नाही, हे सरळच सांगतो.

तो शेवटचा डाव काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. उतारी चौकटची होती, तुझ्या हातात चौकट होतं, आणि तू बदामाची दश्शी टाकलीस. तू, जिने उभ्या जन्मात चुकीचं पान टाकलं नाही! भाऊजी टेबल बडवून हसले. तूही हसलीस, पण पुढच्या डावात एकेक पान खिडकीकडे धरून पाहत होतीस. गुलामचोर खेळताना तू मला हमखास पकडायचीस. गुलाम ज्याच्याकडे असतो त्याचं तोंडच सांगतं, म्हणायचीस. ताई, त्या दिवशी गुलाम तुझ्याकडे होता.

म्हणून छापखान्यात जाऊन नवा कॅट करून आणलाय. बदाम लाल, पण चौकट निळं, किलवर हिरवं आणि आकडे अंगठ्याएवढे. छापखानेवाल्याने विचारलं, लहान मुलांसाठी का? म्हटलं, हो, माझ्या थोरल्या बहिणीसाठी. तो अजून विचारात पडला असेल.

फोनवर मी डोळ्यांचा विषय काढला की तू हवापाण्यावर जातेस, म्हणून हे पत्र. पेन नवं वगैरे काही नाही. ठळक, एकेक ओळ सोडून मुद्दाम लिहिलंय, कुणालाही हाक न मारता तुझं तुला वाचता यावं म्हणून. मी कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही, भाऊजींपाशीही नाही. ते तू सांगायचंस. डॉक्टरांकडे जायला भीती वाटत असेल तर मी बरोबर येईन. मलाही वाटतेच आहे. पण त्याआधी रविवारी इकडे ये. खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची तुझी, तिथे उजेड खांद्यावरून येतो. तिच्यावर मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही. आणि हे पत्र तुला इथवर वाचता आलं असेल ना, तर निळं चौकटही नक्की दिसेल.

तुझाच भिडू,
गुलामचोर