दोन्ही सह्या माझ्या

११ नोव्हें., मंगळ
सकाळी सहालाच मराठी ग्रुपवर माझ्या मैत्रिणीच्या, केतकीच्या आईचा, सुमनकाकूंचा मेसेज. "केतकीच्या नीलच्या हृदयाचं ऑपरेशन आठ वाजता. सगळ्यांनी रामरक्षा म्हणा." बसमध्ये म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना मध्येच विसरले.

साडेअकराला लॅबमध्ये बर्फाचा डबा आला. त्यावर नाव नसतं. साडेतीन महिने, मुलगा, एवढंच. हृदयापर्यंत पोचायला सर्जन वरच्या थायमस ग्रंथीचा तुकडा काढतात. एरवी तो कचऱ्यात जातो, आईबापांनी सही केली तर आमच्याकडे येतो. कोणाचा हे आम्हाला कळू नये असा नियम. अमेरिकेतल्या या ॲन आर्बरच्या मूठभर मराठी लोकांत हा नियम काय टिकणार?
हात धुतले, कापायला घेतलं. नंबर एकतीस.

१३ नोव्हें., गुरु
नील दूध प्यायला. काकूंनी ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. फक्त फोटो.
आज एक मुलगी आली, चार महिन्यांची. नंबर बत्तीस. दोन्हींच्या पेशी जीन तपासायला एकदमच पुढे पाठवल्या. लेबल दुसऱ्या माणसाने तपासायचं असतं. लॅबमधली जेनी रजेवर. दुसरा माणूसही मीच झाले.

९ जाने., शुक्र
डेटा आला. थायमस म्हणजे रोगांशी लढणाऱ्या टी-पेशींची शाळा. पेशी पुढच्या वर्गात गेली की मागच्या वर्गाचे जीन बंद होतात. बत्तीसमध्ये एक मोठा घोळका पुढे सरकतच नाहीये. बंद व्हायचे ते जीन चालू, आणि सगळ्या एकाच पेशीपासून झालेल्या. असं मी ल्युकेमियात, रक्ताच्या कॅन्सरमध्ये पाहिलंय.
पण बत्तीस. म्हणजे ती मुलगी, नील नाही. जीव भांड्यात पडला. मग लाज वाटली. तीही कोणाची तरी आहेच.

१२ जाने., सोम
बाईंना (प्रोफेसरच, पण मनात मी बाईच म्हणते) दाखवण्याआधी नेहमीची तपासणी केली, मुलगा की मुलगी. वाय क्रोमोसोमचे जीन बघायचे. एकतीसमध्ये काही नाही. बत्तीसमध्ये भरपूर.
परत चालवलं. तेच.
नळ्यांची अदलाबदल मीच केली. कागदावर दोन्ही सह्या माझ्या. तो घोळका नीलचा आहे.

१३ जाने., मंगळ
बाईंना सगळं सांगितलं, ग्रुपचंही. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाल्या, "धिस इज रिसर्च, मेघा. नॉट अ डायग्नोसिस." उरलेल्या पेशी पुन्हा तपासायच्या, मग एथिक्स कमिटी ठरवणार. तोवर केतकीजवळ अक्षर काढायचं नाही. किती दिवस, विचारलं. "वीक्स."
बरोबरच आहे त्यांचं. जिने एकदा लेबल चुकवलं तिच्या शब्दावर एका आईला काय म्हणून फोन करायचा? मीही केला नसता.
झोप नाही.

२५ जाने., रवि
नीलचं उष्टावण. जायचं नव्हतं, गेले. मामाचा व्हिसा अडकलाय, म्हणून खीर मी भरवायची असं काकूंनी परस्पर ठरवलेलं. "मावशीकडे बघ, आ कर." चांदीचा चमचा त्याने हिरड्यांत धरून ठेवला, सोडेचना. सगळे हसले. पांढराफटक दिसला मला. की मलाच तसा दिसला?
भांडी आवरताना केतकी म्हणाली, "यार, तो छातीतला तुकडा आम्ही रिसर्चला डोनेट केला. तुमच्याकडेच येतं का ते?"
"खूप लॅब्ज आहेत गं."
"कुणाच्या कामी आला तर बरंच."
निघताना खिरीचा डबा दिला. फ्रीजमध्ये तसाच आहे.

३० जाने., शुक्र
उरलेल्या पेशी. निकाल तोच. कमिटी पुढच्या गुरुवारी बसणार.
दुपारी काकूंचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. नीलच्या मांडीचा फोटो, बारीक लाल ठिपके. "घामोळं आलंय वाटतं. पावडर लावली. तू शिकलेली, म्हणून विचारते."
बाहेर गुडघाभर बर्फ. या थंडीत घामोळं? ल्युकेमियात कातडीखाली रक्त झिरपलं की असेच ठिपके दिसतात.
लिहिलं, काकू, पावडर राहू दे, आत्ता इमर्जन्सीला न्या. हे कोणीही लिहिलं असतं, असं स्वतःला सांगितलं.
मिनिटभरात केतकीचा फोन. "रॅशसाठी इमर्जन्सी? मेघा, तुला काही माहितीये का?"
तू ड्राइव्ह कर, मी पोचतेच, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. फोन ठेवला.
बूट घातलेत. बस सहा मिनिटांत येईल. तिला काय सांगणार ते अजून ठरलं नाही.