१०१ कुठे वाजतो

३ फेब्रुवारी १९९३
सकाळी वना पाटील सायकलवरून थेट आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. काल त्यांच्या खळ्यातला चारा पेटला. नव्या डायलच्या फोनवरून १०१ फिरवला — वाजला धुळ्याला! तिथला माणूस विचारतो, कोणती गल्ली? तिथून बंब पोचेपर्यंत राख. आणि आमच्या नगरपालिकेचा बंब अर्ध्या मैलावर उभा.
"पहिले तुम्हीच फोन उचलेत, बाई. नाव बी सांगनं पडे नही."
खरं आहे. आपोआप जोडणारं मशीन येईपर्यंत अकरा वर्षं मीच ऑपरेटर. आवाजावरून माणूस ओळखायचे, बोर्डावर बंबाची वायर न बघता खोचायचे.

४ फेब्रुवारी
आमचे इंजिनियर भामरे साहेब म्हणाले, "मशीन आकडा ओळखतं, लताबाई. गाव ओळखत नाही."
मी म्हटलं, मग आपण ओळख करून देऊ.

९ फेब्रुवारी
तात्पुरती सोय झाली. कोणी १०१ फिरवला की माझ्या जुन्या बोर्डावर दिवा लागतो, मी बंबाला जोडून देते. बरं वाटलं.
पण मी जेवायला उठले तर? आजारी पडले तर?

१७ फेब्रुवारी
१०१ थेट बंबाच्या खोलीत वाजावा — असा अर्ज लिहून स्वतः एस.टी.ने धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात. तीन टेबलं फिरले. शेवटी मोठे साहेब. वाचून विचारलं, "कोणी लिहिलंय हे?"
"मीच."
सही केली.

२६ फेब्रुवारी
भामरे साहेबांनी मशीनमध्ये बदल केला. चाचणीचा फोन मला करायला लावला. पलीकडून बंबाचा ड्रायव्हर मोतीलाल — "अग्निशमन, बोला."


२ मार्च
दुपारी जिनिंगला आग. कौतिक हमालाने १०१ फिरवला. मोतीलाल नंतर सांगत होता, "बाई, तो वरडना — जिनिंगमा आग लागनी शे, बठ्ठा कापूस जळी राह्यना. मी आवाज वळखी लिधा. निंघनूच."
सात मिनिटांत बंब दारात. गंजीमागे कापूस निवडणाऱ्या चार बाया अडकलेल्या. चौघी बाहेर, सुखरूप.
मी तेव्हा डबा खात होते. मला कळलंसुद्धा नाही. माझ्यावाचून झालं सगळं — इतका अभिमान आजवर कशाचाच वाटला नव्हता.

५ मार्च
बोर्ड बंद करायचा हुकूम आला. तो फक्त १०१ साठी ठेवला होता. माझी बदली जळगावला, फायलींवर.
भामरे साहेबांनी हळूच विचारलं, "अर्ज लिहिताना माहीत होतं तुम्हाला?"
होतं.