भोपळ्याची दोरी

रविवार, संध्याकाळ

धाकटा भाऊ भान्या आज मालवणहून आला. दिव्यांगांची सहल होती, त्यात हा समुद्राच्या तळाशी जाऊन आला. आल्यापासून मोबाइलवर तेच दाखवतोय. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधताना म्हणे यानं विचारलं, "हा भोपळा फुटणार तर नाय ना?" घरात सगळे लई हसले. मी पण हसलो. पण तो भोपळा माझा होता की!

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत शाळा बंद असायची, तेव्हा याला पाठीवर घेऊन पडेगावच्या विहिरीवर कोण न्यायचं? पोलिओचे पाय माझ्या कमरेशी लोंबायचे. पोहायला शिकवायचं म्हणून याच्या पाठीला वाळका भोपळा मीच बांधायचो, अन् दोरी धरून काठावर बसायचो.

जळतंय मला, खोटं कशाला लिहू. धडधाकट पाय माझे, अन् ते गेले कुठं? वाळूजच्या कंपनीत, अन् परत घरी.

जेवताना म्हणाला, "दादा, पुढच्या खेपेला तू पण चल. सोबतीच्या माणसाला बोटीत बसू देतात."

म्हणजे पुन्हा काठावरच. हातातली दोरी सोडून मी पाण्यात कधी उतरणार होतो? मला पोहता येतं का, हे भान्यानं आजवर विचारलं नाय.