साडेतीनचा साचा

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कारखान्यातल्या प्रेसवर माझा प्रोग्रॅम बसवल्यापासून तो दिवसातून चारदा लाल ओळ दाखवून थांबतो आणि तोफ मला शिव्या घालतो, हे वाचून आधी हसले, मग लाजले. मामांच्या या पोराच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

नोंदी पाहिल्या. साच्यांची यादी एक ते आठ. यादीतली जागा मागताना पूर्ण अंकच द्यावा लागतो आणि तुम्ही लोक ३.५ टाकता. अर्धी जागा कुठून आणायची रे? आता मी अपूर्णांक कापून टाकलाय. ३.५ टाकलंत तरी तो तीनच धरेल, थांबणार नाही. मामांना सांग, भाचीने एका ओळीत काम उरकलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटी

२३ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तीन आणि चारच्या मध्ये मामांनी फार पूर्वी एक जादा साचा बसवला होता. त्याला आम्ही साडेतीन म्हणतो. तुला कुणी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. मंगळवारी मामा तीन नंबर पुसत होते. मी साडेतीन टाकलं. तीन खाली आला. मामांच्या मनगटापुढे काही उरलं नाही. साचा वर गेला तेव्हा बोटं त्याला चिकटलेली होती. ती मी फडक्यात गोळा केली.

फाटकापाशी तोफने सळईने माझा उजवा हात मोडला, मग दात पाडले. खाली पडल्यावरही मारत होता. दुसरा हातही मोडेन, असं सांगून गेलाय. मी चुकून तीन दाबलं, असं साहेबांना लिहून दिलंय. घरातली पहिली पदवी तुझी. तू गप्प बस. हे पत्र फाडून टाक.

आशीर्वाद आहेतच.
दादा

२७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

दादाने तीन दाबलं नव्हतं. त्याने साडेतीनच टाकलं होतं. ती लाल ओळ यंत्राला अडवत होती. ती का येते हे न विचारता मी ती बंद केली. तुमचा हात मी चिरडला. साहेबांनाही आज हेच कळवलंय. माझी दुरुस्ती काढून टाकलीय. आता साडेतीन टाकलं की यंत्र जागच्या जागी थांबेल. थांबू दे.

हे पत्र तुम्हाला तोफच वाचून दाखवत असेल. पुढचं त्याने मोठ्याने वाचावं. रविवारी सकाळच्या बसने मी येतेय, फाटकापाशीच उतरेन. दादाच्या अंगाला बोट लावायचं नाही. सळई आणायची तर माझ्यासाठी आणावी.

माया मागायचं तोंड उरलेलं नाही, तरी मागते.
तुमची भाची