चाळीसच जागा

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. नवी नोकरी, नवी खोली, नवी वही, आणि पहिल्या दिवशी कुणाशीही भांडण नाही. माझ्या बाबतीत हा विक्रमच म्हणायचा. टिल्लू धक्क्यावर न्यायला आला होता. सहा फूट उंच, बत्तीस वर्षांचा बाप्या, पण आमच्या घरातलं शेंडेफळ, म्हणून टिल्लू तो टिल्लूच राहिला. माझी ट्रंक खांद्यावर टाकून, तायडे, दगड भरलेस का यात, असं कुरकुरत जिना चढला. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, त्यातही तीन वर्षं तो इकडे आणि मी तिकडे. आता आमच्यामध्ये फक्त एक तलाव आहे. तो पलीकडच्या काठावर पाणी सोडायच्या दारांवर कामाला असतो. दर रविवारी होडीने जेवायला येईन म्हणाला. बघू किती रविवार येतो ते.

खोली छान आहे. दोन खिडक्या, दोन्ही पाण्याकडे. खाली संपर्क केंद्र, म्हणजे माझं ऑफिस. एक टेबल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक हातात मावणारा रेडिओ. हौशी रेडिओवाले कमरेला लावून फिरतात ना, तसला. मी हौसेनेच ती परीक्षा दिली होती, तेव्हा शेजारणी हसल्या होत्या. त्याच परीक्षेवर ही नोकरी मिळाली.

इथे डोंगरांमुळे मोबाइल चालत नाही. तलावाभोवतीच्या सगळ्या चौक्यांवरच्या माणसांकडे साधे संच आहेत, ते फक्त आमच्या केंद्राशीच बोलतात. आमच्या रेडिओच्या मेमरीत चाळीस जागा आहेत. प्रत्येक जागेत एकेकाची फ्रिक्वेन्सी, टोन म्हणजे ओळखीचा सूर, आणि छोटंसं नाव साठवलेलं. खुंटी फिरवली की नंबर बदलतो आणि तो तो माणूस बोलायला लागतो. एकवर साहेब, सतरावर टिल्लू. मी लगेच सतरा लावून बघितलं. अजून होडीतच होता गडी, तिथूनच माझ्या चहाला नावं ठेवली. माझ्याआधी हे काम कोण करायचं, असं साहेबांना विचारलं, तर ते डोकं खाजवत म्हणाले, असेल कुणीतरी.

मंगळवार, ५

सकाळी आठला हजेरी. यादीतल्या एकेकाला हाक मारायची, एकेकाने ओ द्यायची. मजा आली. तेवीस नंबरच्या माळीकाकांनी ओ दिली नाही, अर्ध्या तासाने स्वतःच टपकले. संचाची बॅटरी टिकत नाही म्हणे. पायरीपाशी वेल लावून देतो म्हणाले, आणि तुमचा आवाज फार चढा असतो बाई, असंही वर ऐकवलं. माणूस बरा वाटला.

बाकी दिवस मात्र या डबड्याने खाल्ला. साहेबांनी नऊ नंबरचा टोन बदलायला सांगितला. बदलला, बोलून बघितलं, झकास. दुपारी रेडिओ बंद करून जेवले, परत चालू केला, तर जुनाच टोन. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. माहितीपुस्तकाची नेमकी हवी ती पानं गायब. चार वेळा डोकं फोडून घेतल्यावर कळलं की बदललेलं नुसतं तात्पुरतं राहतं. साठवायचं असेल तर बटण दोन बीप वाजेपर्यंत दाबून धरायचं, नाहीतर बंद केलं की गेलं. आणि डायल, म्हणजे खुंटीने हवी ती फ्रिक्वेन्सी लावायची जी वेगळी बाजू असते, तिचं तर बंद केल्यावर काहीच उरत नाही, कारण आतला छोटा सेल मेलाय. नवा सेल मागितला. साहेब म्हणाले, मागणीपत्र लिहा.

गुरुवार, ७

आजचा वैताग: नवीन होडीघर सुरू झालं, त्याला मेमरीत घाला. घाला कुठे? चाळीसच्या चाळीस भरलेल्या. साहेब म्हणाले, जो बोलत नाही त्याची जागा द्या. मी माळीकाकांची देतेय. तसेही ते स्वतःच चालत येतात, त्यांना रेडिओ हवाय कशाला? तेवीसवर होडीघर साठवलं. दोन बीप. काम फत्ते.

शनिवार, ९

वही चाळत होते. मंगळवारी कुणा माळीकाकांबद्दल लिहिलंय. हा कोण?

अक्षर माझंच आहे. माझ्या आवाजाला नावं ठेवलेली मी विसरेन होय? पण डोळ्यांपुढे काहीच येत नाही, ना चेहरा, ना आवाज. साहेबांना विचारलं. इथे माळी कधीच नव्हता, तुम्ही बघताय ना अंगणाची अवस्था, म्हणाले. खरंच, अंगणात कमरेएवढं गवत माजलंय. आठवड्यात एवढं वाढतं?

जुन्या रजिस्टरात तेवीससमोर फ्रिक्वेन्सी आहे, नावाचा रकाना कोरा. ती फ्रिक्वेन्सी हाताने लावून तासभर हाका मारल्या. नुसती खरखर. म्हणजे मेमरीतून गेला की आकडा नुसता आकडा उरतो.

मी एका माणसाची जागा दुसऱ्याला दिली आणि तो माणूसच— हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. वेड लागलंय मला. उद्या टिल्लू येतोय, त्याच्याशी बोलेन.

सोमवार, ११

काल टिल्लू आला, पोटभर जेवला, आणि माळ्याचं ऐकून एवढा हसला की त्याला ठसका लागला. तायडे, एकटी राहून राहून डोकं सरकलं तुझं, म्हणाला. मलाही हसू आलं. बरं वाटलं.

आजचं नीट लिहून ठेवते. 

सकाळी टिल्लूच्या चॅनेलवर शिट्टी येत होती. किंचित सरकवून बघावं म्हणून सतराची नक्कल डायलवर उतरवून घेतली आणि फ्यूज आणायला दुकानात गेले. रेडिओ चालूच होता. वीस मिनिटांत परतले तर साहेब माझ्या खुर्चीत. नवं पंपघर सुरू झालं, मीच घालून टाकलं, म्हणाले. जागा भरलेल्या असल्या की हे यंत्र समोर जो नंबर असेल त्याच्यावरच लिहितं. समोर होता सतरा.

मी साहेबांवर भडकले. माझ्या रेडिओला हात का लावला म्हणून. फक्त तेवढ्यासाठी. दुसरं काही मनातच आलं नाही.

मग मी डायल लावला. एक पुरुष म्हणाला, तायडे, केव्हाचा हाका मारतोय, आहेस कुठे? मी विचारलं, कोण आपण? तो हसला. मी परत विचारलं. मग तो हसायचा थांबला.

त्याने हळूच विचारलं, "तायडे, मी टिल्लू. तुला मी आठवत नाही का गं?"

आणि मग सगळं धाडकन परत आलं. मी माझ्या भावाला कोण आपण म्हणून विचारलं.

मेमरीतून तो गेलाय. डायलवर उतरवलेली नक्कल तेवढी शिल्लक आहे. रेडिओ चालू आहे तोवर.

मंगळवार, १२

रेडिओच्या पडद्यावर बॅटरीच्या तीन कांड्या होत्या, आता दोन. चार्जरवर ठेवला की हा रेडिओ आपोआप बंद होतो. दुसरी बॅटरी घालायची तर आधी ही काढायला हवी, म्हणजे पुन्हा बंदच. कुठल्या दिवट्याने हे बनवलं? साहेबांकडे दुसरा रेडिओ मागितला. मागणीपत्र लिहा. मी म्हटलं, माझ्या भावाचा प्रश्न आहे. ते काळजीच्या सुरात म्हणाले, तुम्हाला भाऊ आहे हे कधी बोलला नाहीत. मी आले त्या सोमवारी यांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली होती, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

टिल्लू सांगतो की दारांवरची माणसं त्याच्याकडे बघतच नाहीत. डब्यांत त्याचा डबा नाही. होडीवाल्याला हात केला, तर तो सरळ पुढे निघून गेला. आधी चेष्टा वाटली त्याला. आता वाटत नाही.

उपाय सोपा आहे. डायलवरचं एखाद्या नंबरवर साठवायचं. दोन बीप. पण कुणाच्या? सकाळपासून यादी घेऊन बसलेय. सतरा आता पंपवालीचा. तिने आज पहिली हजेरी दिली, मागे तिच्या जुळ्या मुली भांडत होत्या, आणि मलाच सॉरी म्हणाली. बारावर दवाखाना. तीस नंबरचा म्हातारा रोज न विचारता हवामान सांगतो. एकवर साहेब. एकवर माझं बोट बराच वेळ होतं, खोटं कशाला बोलू? मग शेजारच्या घरातून त्यांची बायको हाक मारायला लागली. त्यांना जेवायला बोलवत होती.

यादीतल्या प्रत्येकाला घर आहे. 

बुधवार, १३. सकाळ

एक कांडी.

हजेरी घेतली नाही. खुंटीला हात लावायची भीती वाटते. साहेब दारावर थापा मारतायत. मारू देत.

टिल्लूला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, रडेल. तो एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी कुणाला पुसू नकोस, तायडे. शपथ आहे तुला."

शपथ घाल म्हणावं. याला मी आंघोळी घातल्यात. मला शपथा घालतोय.

अकरा वाजता

आवाज बारीक झालाय. मधूनमधून तुटतो. भूक लागली म्हणतो—

मघाशी पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा टेबलावर रेडिओ कशाला चालू आहे, तेच कळेना. बंद करायला हात पुढे गेला होता. वही उघडी होती म्हणून—

थांबायला वेळ नाही.

साडेअकरा

यादी पुन्हा वाचली. खालून वर. काल वरून खाली वाचत होते आणि एकोणचाळीसवर थांबत होते, मूर्खासारखी. चाळीसवर आमचंच केंद्र. म्हणजे मी.

घर नाही, जुळ्या मुली नाहीत, जेवायला कुणी हाक मारत नाही. एक भाऊ आहे.

त्याला काही सांगितलं नाही. जेवायला ये म्हटलं. बरं म्हणाला.

कांडी लुकलुकतेय. टिल्लूला साठवायला चाळीस लावलं. डाव्या हाताने बटण दाबून धरलंय, उजव्याने लिहितेय. भीती वाटते, खूप वाटते. टिल्लू, जिन्याने वर ये, डब्यात जेवण आहे. टेबलावर ही वही असेल. कुठल्या तरी बाईची म्हणून फेकून देऊ नकोस. तुला मी आठवणार नाही, त्यात तुझा काही दोष नाही, पण एवढं वाच, मी तुझी

पहिला बीप वाजला. मी तुझी मो—